नव्या बनावटीचा पत्र्याचा बेडूक: घ्यावा का, आणि घेऊन काय करावं

पत्र्याची चावीची खेळणी जमवायला लागलेल्या माणसाच्या हाती पहिल्यांदा सहज लागतो तो हिरवा, टुणटुण उड्या मारणारा चिनी बेडूक. जुना नाही, आजही कारखान्यातून बाहेर पडणारा. जुन्या जर्मन किंवा जपानी खेळण्यांशेजारी ठेवला तर अगदीच साधा दिसतो, आणि मुरलेले संग्राहक त्याला पाहून नाक मुरडतात. त्यांचं निम्मं बरोबर आहे. संग्रहातली वस्तू म्हणून या बेडकाला आज काही किंमत नाही, आणि ती वाढेल अशी आशाही धरू नये. पण चावीचं यंत्र कसं चालतं, का अडतं आणि पत्रा न मोडता कसं उघडायचं, हे शिकायला याच्याइतकी बिनधोक वस्तू दुसरी नाही. तेव्हा निकाल आधीच सांगून टाकतो: घ्यायचे तर दोन घ्या. एक चालवायला, एक उघडायला.

शांघायमधल्या कांगयुआन कारखान्याचं नाव या बेडकाशी जोडलं जातं. मूळ नमुना कित्येक दशकं जुना आहे, आणि आज तोच नमुना वेगवेगळे कारखाने काढतात. त्यामुळे नगानगात फरक पडतो, कधीकधी एकाच खोक्यातल्या दोन नगांतसुद्धा. चिनी पत्र्याच्या खेळण्यांच्या खोक्यावर ‘एमएस’, ‘एमएफ’ किंवा ‘एमई’ अशी रोमन अक्षरं आणि पुढे आकडे असतात, ते आधी बघा. एमएस म्हणजे चावीचं, एमएफ म्हणजे जमिनीवर घासून सोडायचं, एमई म्हणजे बॅटरीवरचं. फोटो बघून मागवताना ही दोन अक्षरं उपयोगी पडतात, कारण विक्रेते वर्णनात सगळ्यालाच ‘चावीचं जुनं खेळणं’ म्हणतात.

बेडूक तळहातावर मावतो. अंग दोन भागांचं: वर पाठीचं कवच, खाली पोटाची चकती. पत्रा म्हणजे पोलादी पत्र्यावर कथिलाचा पातळ मुलामा, जाडी साधारण पाव मिलिमीटर. रंग ब्रशने दिलेला नसतो. सपाट पत्र्यावर आधी छपाई होते, मग ठोकून आकार देतात. म्हणूनच डोळ्यांच्या उंचवट्यावर आणि कडांवर छपाई ताणलेली दिसते, आणि तिथेच ती सगळ्यात आधी उडते. नव्या नगातही कडेला बारीक चांदीसारखी रेघ दिसली तर तो दोष समजू नका. पत्रा वाकताना छपाईला तडा जातोच. वॉर्निशचा थर मात्र हल्लीच्या नगांवर फार जाड आणि फार चकचकीत असतो. जुन्या छपाईची मऊ झळाळी त्यात नाही, आणि हे खेळणं नवं आहे हे हातभर अंतरावरून ओळखू येतं ते त्यामुळेच.

निवडायला मिळालं तर चार गोष्टी बघून घ्या. पाठ आणि पोट यांच्यामधली फट सगळीकडे सारखी हवी. एका बाजूला उघडी असेल तर आतलं यंत्र तिरकं बसलेलं असण्याची शक्यता मोठी. चावी बोटाने हलवून पाहा. थोडी डुगडुगणं चालेल, पण ती वरखाली हलत असेल तर आसाचं भोक मोठं झालेलं आहे. मागचे दोन्ही पाय एकाच वेळी टेबलाला टेकले पाहिजेत. आणि चावी न देता बेडूक कानाशी हलवा. आत खुळखुळ वाजलं तर परत ठेवा.

चालताना

लाकडी टेबल किंवा फरशीवर उत्तम चालतो. गालिच्यावर अजिबात नाही, कारण पायाची टोकं धाग्यांत रुततात. अगदी गुळगुळीत काचेवर पाय मागे घसरतात आणि उडी होण्याऐवजी बेडूक जागच्या जागी थरथरतो. हे कळायला उडी कशी होते ते बघावं लागतं. मागचे पाय आडव्या पिनेवर झुलते बसवलेले असतात. यंत्रातलं चाक फिरताना त्यावरचा उंचवटा पायांना ठरावीक अंतराने झटका देतो, पाय जमिनीला मागे रेटतात, आणि अंग पुढे उचललं जातं. पुढचे पाय हलत नाहीत, ते फक्त टेकू. म्हणजे उडी किती लांब जाणार हे तीन गोष्टींवर ठरतं: झटक्याचा जोर, मागच्या पायांचा कोन आणि खालची पकड.

बेडूक एकाच बाजूला वळत गोल फिरत असेल तर दहातल्या आठ वेळा कारण पायातच असतं. एक पाय दुसऱ्यापेक्षा आधी टेकतो. तो हाताने अगदी किंचित, केसभर, वाकवायचा आणि पुन्हा चालवून बघायचं. एकदम जास्त वाकवला तर पाय बुडाशी मुडपतो, आणि तिथला पत्रा दोन-तीनदा मागेपुढे झाला की तुटतो.

चावीबद्दल एक गोष्ट नवख्यांच्या लक्षात येत नाही. या प्रकारच्या यंत्रात स्प्रिंगचं बाहेरचं टोक चौकटीच्या खुंटीला अडकवलेलं असतं आणि आतलं टोक चावीच्या आसाला. त्यामुळे खेळणं चालतं तेव्हा चावी हळूहळू उलटी फिरते. ती फिरायलाच हवी. चावीचा पंख अंगाला किंवा जमिनीला घासत असेल तर तेवढ्यानेही बेडूक अडखळतो, आणि लोक तेलाची बाटली शोधत बसतात. चावी आधी बाहेरच्या बाजूला जराशी ओढून बघा.

चावी काय सांगते

चावी देताना हाताला काय लागतं आणि कानाला काय ऐकू येतं, एवढ्यावरून निम्मं निदान न उघडताच होतं. हे कौशल्य पुढे कुठल्याही जुन्या खेळण्याला लागू पडतं, म्हणून चालता बेडूक आधी नीट ऐका आणि चांगला आवाज कसा असतो ते कानात बसू द्या.

चावी फिरते, खटखट वाजते, पण कितीही फिरवली तरी जोर वाढत नाही: स्प्रिंगचं एक टोक सुटलंय किंवा तुटलंय. बाहेरचं टोक खुंटीवरून निसटलं असेल तर काम सोपं, परत अडकवता येतं. आतलं टोक आसाच्या आकड्यापाशी तुटलं असेल तर स्प्रिंगचं पुढचं टोक तापवून मऊ करायचं, नवं भोक पाडायचं आणि स्प्रिंग थोडी आखूड झाली हे मान्य करायचं.

चावी बसते, पण हात सोडला की भर्रकन उलटी फिरून मोकळी होते आणि बेडूक हलतही नाही: खटका गेला. खटका म्हणजे दातेरी चकतीवर टेकलेली ती छोटी पट्टी, जी चावी देताना दातांवरून घसरत जाते आणि सोडल्यावर दातात अडकून चाकाला ओढते. ती झिजली, वाकली किंवा तिचा रिव्हेट ढिला झाला की असं होतं. वाकलेली पट्टी परत वाकवता येते. झिजलेल्या दातांना मात्र औषध नाही.

चालतो, पण मधूनच कर्रर्र करून दोन-चार दात निसटतात: यंत्राच्या दोन बाजूंच्या पट्ट्या एकमेकींपासून फाकल्यात, आणि चाकं एकमेकांत पुरेशी खोल बसत नाहीत. पट्ट्या धरून ठेवणारे पत्र्याचे कान, म्हणजे चिरेतून घालून मुडपलेल्या छोट्या जिभा, पक्के दाबले की बहुतेक वेळा भागतं.

सगळी चावी एका दमात, सूंऽऽ करत संपते: वेग आवरणारा तुकडा जागेवर नाही. चावीच्या अनेक खेळण्यांत शेवटच्या दातेरी चाकावर दोन टोकांचा एक छोटा तुकडा डावी-उजवीकडे आपटत असतो. चालत्या खेळण्याचा तो कर्र-कर्र आवाज त्याचाच. त्याची पिन भोकातून निसटली की चाकांना लगाम राहत नाही. अशा अवस्थेत पुन्हा चावी देऊ नका, दात झडतात.

आणि सगळ्यात जास्त ऐकू येणारी तक्रार: ‘चावी जास्त झाली म्हणून बिघडलं.’ जुन्या खेळण्यांच्या जाहिरातींत हे वाक्य हटकून असतं, आणि जवळजवळ नेहमी ते चूक असतं. पूर्ण चावी दिलेली स्प्रिंग म्हणजे पूर्ण चावी दिलेली स्प्रिंग, त्यापलीकडे तिला काही होत नाही. ती चालत नाही, कारण आत तेल वाळून डिंकासारखं झालंय, धाग्याचा गुंता आसाला गुंडाळलाय, किंवा एखादं चाक वाकलंय. खेळणं चालत नाही, म्हणून माणूस आणखी चावी देतो, ती शेवटाला जाऊन थांबते, आणि दोष चावीला मिळतो. खरं नुकसान होतं ते थांबल्यावरही जोर लावल्याने: मग खटका मोडतो किंवा स्प्रिंगचा आकडा उलगडतो. म्हणून ‘जास्त चावी’ असं लिहिलेलं जुनं खेळणं दिसलं तर घाबरू नका. बऱ्याचदा ते फक्त स्वच्छ करायचं असतं आणि भाव मात्र बिघडलेल्याचा लावलेला असतो.

उघडणं

आता दुसरा बेडूक. त्याच्यासाठी लागतं ते असं: टोकाला बोथट केलेलं पातळ पातं, दात नसलेली सपाट चिमट्याची पक्कड (जबड्यांवर कापडी पट्टी गुंडाळून), दहापट दाखवणारं भिंग, खाली मऊ टॉवेल, डोळ्यांना चष्मा आणि जाड हातमोजे. चष्मा आणि हातमोजे शोभेला नाहीत. सुटलेली स्प्रिंग बोट कापते आणि डोळ्याकडे उडते.

पहिला नियम: चावी पूर्ण उतरल्याशिवाय एकही कान उचलायचा नाही. चालत असेल तर चालू द्या, संपेपर्यंत. अडलेला असेल तर चावी पक्कडीने घट्ट धरून खटका फटीतून सुईने उचलायचा, अर्धी फेरी सोडायची, खटका परत टेकवायचा, पुन्हा अर्धी. कंटाळवाणं आहे, पण यात घाई चालत नाही. फटीतून खटका दिसतच नसेल, तर शेवटच्या चाकाला सुईने पुढे ढकलत राहा. पुष्कळ वेळा अडथळा तिथेच असतो आणि यंत्र आपोआप चालू लागून मोकळं होतं.

पाठीचे कान पोटातल्या चिरांतून खाली येऊन मुडपलेले असतात. आधी मोजा आणि कोणता कान कुठल्या बाजूला मुडपलाय याचा फोटो घ्या. मग पातं कानाखाली सरकवायचं आणि साधारण पंचेचाळीस अंशांपर्यंतच उचलायचं. तिथून पुढे पातं बाजूला, पक्कड हातात: कान सपाट धरून एकाच संथ हालचालीत सरळ करायचा. टोकाला धरून वाकवला तर कान मध्येच दुमडतो आणि चिरेतून बाहेर येत नाही, म्हणून बुडाजवळ धरायचा. मात्र एक कान पूर्ण सरळ करून मग दुसऱ्याकडे जाऊ नका: आधी सगळे कान पात्याने उचलून घ्या, मग पक्कडीने सरळ करा. दोन्ही वेळा समोरासमोरचे घेत जा, नाहीतर शेवटच्या कानावर सगळा ताण येऊन तो फाटतो.

पत्र्याच्या कानाचं आयुष्य मोजकं असतं. कारखान्यात एकदा वाकला, तुम्ही सरळ केला, परत मुडपला. एवढं तो सहसा सोसतो. त्यापुढची प्रत्येक खेप जुगार. बुडाशी पांढरी रेघ उमटली की धातू थकलाय, आता तो कान पुन्हा उघडायचा नाही. म्हणून एकदा उघडलं की आतलं सगळं काम त्याच खेपेत उरकायचं. ‘बंद करून बघू, नाही जमलं तर परत उघडू’ हा विचार बेडकावर चालेल, कारण दुसरा बेडूक आणता येतो. 1881 साली जर्मनीतल्या ब्रांडनबुर्गमध्ये सुरू झालेल्या लेमन कंपनीची जुनी खेळणी फार हलक्या पत्र्याची असतात. तिथे तुटलेला कान म्हणजे कायमचा डाग. एखाद्या बेडकाचा कान मुद्दाम तुटेपर्यंत मागेपुढे वाकवून बघा. तुटण्याच्या आधीच्या खेपेला धातू हाताला कसा एकदम मऊ लागतो, ते एकदा कळलं की पुढे बोटंच थांबतात.

आत

आत दोन पत्र्याच्या पट्ट्यांमध्ये चाकांची रांग दिसते. चावीच्या आसावर स्प्रिंग आणि पहिलं मोठं चाक, त्याला लागून लहान चाकं, शेवटाला सगळ्यात भरभर फिरणारं. स्प्रिंग डब्यात बंद नसते, उघडीच असते. म्हणून अंगाच्या आतल्या बाजूला तिचे ओरखडे दिसतात, आणि म्हणूनच ती सुटी करायची हौस पहिल्या खेपेला तरी करू नका. यंत्र उघडं दिसतंय एवढ्यावर पुष्कळ शिकता येतं.

नव्या बेडकात इथे तीन उणिवा हमखास सापडतात. पट्ट्यांना ठोकलेल्या भोकांच्या कडेला धातूची बारीक कुसळं राहिलेली असतात, ती आसाला घासतात. चाकांचे दात पत्र्यातून ठोकून काढलेले असल्याने एका बाजूने गोलसर, दुसऱ्या बाजूने धारदार असतात. आणि तेल एकतर अजिबात नसतं, नाहीतर सगळीकडे ओतलेलं असतं. यातली पहिली उणीव बारीक कानसीने एक-दोन हात फिरवून जाते आणि बेडूक लगेच सुधारतो. दातांच्या वाटेला जाऊ नये. तेलाचं मात्र सविस्तर सांगायला हवं.

आधी जुनं तेल आणि कारखान्याची घाण काढायची. लायटरमध्ये भरतात ते द्रव किंवा पांढरं स्पिरिट मऊ ब्रशने यंत्रावर लावायचं, चाकं फिरवायची, कापडावर निथळू द्यायचं. दोन-तीन खेपांत काळं येणं थांबतं. खिडक्या उघड्या हव्यात आणि जवळपास ज्योत नको. पूर्ण वाळल्यावर घड्याळाचं पातळ तेल सुईच्या टोकाने प्रत्येक आसाच्या भोकापाशी लावायचं. टोकावर जेवढं राहतं तेवढंच, थेंब पडता कामा नये. दातांना तेल नाही. दातांवर तेल पडलं की धूळ चिकटते आणि धुळीचा घासणारा लेप तयार होतो. स्प्रिंगला मात्र पातळ ग्रीसचा हात द्यायचा, कारण तिचे वेढे एकमेकांवर घसरतात. कोरडी स्प्रिंग एकदम न उलगडता गचके देत उलगडते, आणि मग बेडूक दोन उड्या मारतो, थांबतो, पुन्हा एक मारतो.

खाद्यतेल नको, खोबरेल नको. ती कालांतराने घट्ट होतात आणि आज सुटलेलं यंत्र काही महिन्यांत पुन्हा धरतं. गंज सोडवायची फवारणीही नको. तिने अडलेलं यंत्र त्या क्षणी सुटतं, म्हणून ती लोकप्रिय आहे. पण तिच्यातला उडून जाणारा भाग उडाला की मागे चिकट थर उरतो. शिवाय ती फटीतून बाहेर येऊन छपाईवर पसरते.

बंद करताना आधी यंत्र जागेवर बसलंय ना, पाय पिनेवर मोकळे झुलतात ना, हे बघा आणि चावीच्या दोन-तीन फेऱ्या देऊन उघड्यावरच चालवून घ्या. चालला तर चावी उतरवा आणि मगच कान मुडपा. कान पूर्ण आडवे ठोकून बसवायची गरज नाही. हाताने दाबून बसतील इतकेच. हातोडी मारली की पोटाची चकती खोलगट होते आणि पायांची पिन अडते.

छपाई पुसायला ओलसर कापूस, त्यात सौम्य साबणाचा थेंब, आणि लगेच कोरडं कापड. ॲसिटोन, स्पिरिट, अमोनियाचं काच पुसायचं द्रव, धातू चमकवायची पेस्ट यातलं काहीही नको. नव्या बेडकाच्या पोटावर ॲसिटोनचा एक थेंब टाकून बघाच. वॉर्निश आणि रंग किती झटकन सुटतात ते पाहिल्यावर जुन्या खेळण्यावर हा प्रयोग करायची इच्छा उरत नाही. आणि चिकटपट्टीने छपाई झाकायची सवय लावून घेऊ नका. नव्या वॉर्निशवर ती निघते, जुन्यावर रंग घेऊन निघते.

जुना म्हणून विकला जातो तेव्हा

या खेळण्याची खरी डोकेदुखी ही. नमुना जुना, त्यामुळे नवा नग थोडा ‘म्हातारा’ केला की कोणीही फसावं. मीठ-पाण्यात किंवा व्हिनेगरमध्ये ठेवलेला गंज नारिंगी, भुसभुशीत आणि सगळीकडे सारखा असतो. खरा जुना गंज काळपट तपकिरी असतो, कडांपासून सुरू होतो आणि छपाईला खालून उचलत आत सरकतो. हाताळण्याची झीजही जागा धरून असते: चावीभोवतीचा गोल, पाठीवर बोटं टेकतात ती जागा, पायांची टोकं. पाठीच्या मध्यावर ओरखडे आणि चावीभोवती मात्र छपाई कोरी, असं असेल तर ते ओरखडे खेळण्यातून आलेले नाहीत.

भिंगाखाली छपाई बघा. चार रंगांच्या ठिपक्यांची फुलासारखी जाळी दिसली तर ते आधुनिक काम. एकेका रंगाचे सलग थर दिसले तर जुनं असू शकतं, पण सिद्ध काहीच होत नाही, कारण नव्या बेडकांतही सलग थरांची छपाई असते. हा पुरावा एकाच बाजूने चालतो, हे ध्यानात ठेवलेलं बरं.

खोकं जास्त बोलकं असतं. बारकोड असेल तर 1974 च्या आधीचं असूच शकत नाही, कारण दुकानात बारकोड पहिल्यांदा वाचला गेला तो त्या वर्षी. युरोपातली नियम पाळल्याची ‘सीई’ खूण खेळण्यांवर 1990 पासूनची. अल्ट्राव्हायोलेट टॉर्चखाली कागद निळसर-पांढरा झगमगला तर त्यात चमक आणणारी रसायनं आहेत, आणि ती कागदात सर्रास आली दुसऱ्या महायुद्धानंतर. ‘युद्धापूर्वीचं खोकं’ म्हणून दाखवलेलं खोकं असं चमकलं, की बोलणी तिथेच संपवावीत.

जुन्या खेळण्यांकडे वळल्यावर देशाच्या खुणाही अशाच वाचायच्या. ‘मेड इन ऑक्युपाइड जपान’ म्हणजे 1947 ते 1952 च्या दरम्यानचं निर्यातीचं काम. ‘यूएस झोन जर्मनी’ म्हणजे युद्धानंतरची पहिली काही वर्षं. ‘डी.आर.पी.’ आणि ‘डी.आर.जी.एम.’ या 1945 पर्यंतच्या जर्मन राइखच्या काळातल्या पेटंट आणि नमुना-नोंदणीच्या खुणा. त्या असल्या तर मूळ रचना 1945 च्या आधीची. पण रचना जुनी म्हणजे हा नग जुना, असं नाही. पेटंटचं वर्ष हेच खेळण्याचं वय म्हणून सांगणारे विक्रेते थोडे नाहीत, आणि त्यांतले सगळेच लबाड असतात असंही नाही.

बेडकाने जे शिकवता येत नाही तेही सांगायला हवं. जुन्या गाड्यांतले ओतीव झिंकचे भाग आतून भेगाळून भुगा होतात, कारण त्या काळच्या मिश्रधातूत शिसं मिसळलेलं असे. हा रोग बेडकाला नाही. कडक होऊन तडकलेले रबरी टायर, सुटं इंजिन, गिअरचा दांडा, सुकाणू यांचाही इथे संबंध नाही. न्यूरेंबर्गच्या शूको या जर्मन कंपनीच्या गाड्या उघडण्याआधी बेडकानंतर आणखी एक-दोन पायऱ्या चढाव्या लागतील. एखादी साधी नवी मोटारसायकल किंवा चाकांवर चालणारा रोबो त्या पायरीला बरा.

याच कुळातली दाणे टिपणारी कोंबडीही घ्यायला हरकत नाही. यंत्र बेडकासारखंच, फक्त झटका पायांबरोबर मानेकडेही वळवलेला. मात्र तिचे पाय बारीक आणि अंग उंच, त्यामुळे ती तोंडावर पडते आणि चोच मुडपते. उघडायला बेडकापेक्षा अवघड, कारण अंगाची दोन कवचं उभ्या जोडाने मिटलेली असतात आणि कान दिसतील अशा जागी असतात. एक कान बिघडला की कोंबडीचं रूप गेलं. घासून सोडायच्या गाड्या या कामासाठी घेऊ नका. त्यांत स्प्रिंगऐवजी जड चकती असते आणि शिकण्यासारखं फार थोडं.

लहान मुलांना देण्यासाठी म्हणून विचार करत असाल तर नको. पत्र्याच्या कडा बोट कापतात, चावी निघते आणि तोंडात जाते. जुन्या खेळण्यांच्या रंगांत शिसंही असू शकतं.

ठेवताना चावी उतरवून ठेवा. ताणलेली स्प्रिंग वर्षानुवर्षं तशीच राहिली तर जोर गमावते. हवेतली आर्द्रता 40 ते 50 टक्क्यांच्या आसपास ठेवा, सिलिका जेलच्या पुड्या वेळोवेळी बदला, थेट ऊन टाळा. छपाईतला लाल रंग सगळ्यात आधी उडतो. बेडकाच्या तोंडातली लाली फिकी पडली की कपाट चुकीच्या भिंतीला आहे हे समजतं. स्पंजात गुंडाळू नका, स्पंज कालांतराने विरघळल्यासारखा होऊन छपाईला चिकटतो. आम्लरहित पातळ कागद पुरतो.

दुसरा नग, म्हणजे उघडायचा, निवडताना पोट उलटं करून बघा: सगळे कान एकाच दिशेला, पूर्ण आडवे न ठोकता मुडपलेले असतील तो घ्या. कान चिरेच्या आत दाबून बसवलेला नग टाळा. त्याच्याखाली पातं शिरत नाही, आणि पहिल्याच खेपेला हात निराश होतो.